'अनुक्रमांक' लिहिलं आणि शाखांनी १, २, ३ पाठवलं

दादरहून, विचारणा:
आमच्या पतपेढीच्या मुंबईत ११ शाखा. लॅपटॉप कुणाकडे, कधी घेतला, वॉरंटी कधी संपते, हे आजवर प्रत्येक शाखेच्या वहीत असायचं. आता सगळं ॲसेट मॅनेजमेंटच्या डेटाबेसमध्ये घ्यायचं ठरलं. मी हौसेने मराठीत सूचनापत्र काढलं, सोबत एक्सेलचा नमुना. पहिला रकाना 'अनुक्रमांक', मग मॉडेल, वापरणाऱ्याचं नाव, खरेदीची तारीख.

शाखांनी भरलं १, २, ३, ४. त्यांची चूक नाहीच. शाळेच्या हजेरीपासून 'अ. क्र.' म्हणजे ओळीचा नंबर. मला हवा होता कंपनीने लॅपटॉपवर छापलेला सिरीयल नंबर. त्यात डेटाबेसला मी सांगून ठेवलेलं, की हाच नंबर ओळखीचा, तो आधीच असेल तर जुनी नोंद बदल. परळचा १ नंबर गिरगावच्या १ वर बसला, त्यावर घाटकोपरचा. ७३ लॅपटॉपांचे शेवटी ९ उरले. सगळ्यात मोठ्या शाखेत ९ होते, म्हणून ९.

बॅकअप होता, म्हणून हसत लिहितेय. पण सिरीयल नंबरला काय म्हणायचं? आणि पत्रात 'ॲसेट डेटा इम्पोर्ट'साठी 'मालमत्तेची माहिती आयात करणे' असंही लिहिलंय, ते मलाच वाचवत नाही.

मुलुंडहून, निवृत्त भांडारपाल:
ताई, तुमच्या पत्रात तीन नंबर एकात मिसळलेत. आमच्या कार्यालयात जडवस्तू नोंदवही असायची, तोंडी सगळे 'डेडस्टॉक'च म्हणायचे. खुर्ची, पंखा, कपाट, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आमचा नंबर घातलेला. तो नोंद क्रमांक, तुमच्या भाषेत ॲसेट टॅग. टाइपरायटर आला की कंपनीने कोरलेला नंबर वेगळ्या रकान्यात, 'यंत्र क्रमांक' म्हणून. आणि अ. क्र. तो पानावरच्या ओळीचा, पान उलटलं की त्याला अर्थ नाही. यंत्र क्रमांक लिहा, प्रश्न मिटेल.

(लॅपटॉप 'जडवस्तू'त घालताना मात्र मलाही हसू आलं असतं. तो टेबलासारखा जागेवर कुठे बसतो?)

लॅमिंग्टन रोडवरून:
काका, यंत्र म्हटलं तर आमच्या दुकानातला पोरगा श्रीयंत्र शोधेल. 'सिरीयल बघ' म्हटलं की गुपचूप लॅपटॉप उलटा करतो. सिरीयल, पीस, लॉट, हेच चालतं इथे. गाडीच्या चेसिस नंबरला कुणी मराठी शब्द शोधला का?

अंधेरीहून:
मुळात हा नंबर माणसाने लिहायचाच कशाला? विंडोजवर पॉवरशेल म्हणून आदेश टाइप करायची खिडकी असते, तिथे एक आदेश दिला की बायोसमधला, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ प्रोग्राममध्ये साठवलेला सिरीयल नंबर समोर येतो. आणि कुणी मॅक ॲड्रेसवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीला असलेल्या नंबरावर, ओळख ठेवा म्हणालं तर ऐकू नका. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपांना लॅनचं भोक नसतं, यूएसबीचा ॲडॉप्टर हातोहात फिरतो आणि एकच ॲड्रेस चार लॅपटॉपांच्या नावावर दिसतो.

विलेपार्ल्याहून, अनुवादाचं काम करणारी:
'आयात'ची बाजू घ्यावीशी वाटते, पण घेता येत नाही. मूळ अर्थ साधा: 'आ' अधिक 'या', म्हणजे आलेलं. निर्यात म्हणजे बाहेर गेलेलं. जकात, जहाज, काही नाही त्यात. पण आज मुंबईत 'आयात' म्हटलं की न्हावाशेवा बंदर आणि सीमाशुल्कच डोळ्यासमोर येतं. त्यातून लॅपटॉप! ३ ऑगस्ट २०२३ ला विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंधांची अधिसूचना काढली, तेव्हा किती गडबड उडाली होती. 'लॅपटॉपची माहिती आयात करा' हे वाक्य घाईत वाचणारा 'माहिती' गाळूनच वाचणार.

'मालमत्ता'चंही तेच. मुंबईकराला आधी मालमत्ता कर आठवतो, म्हणजे घर. जंगम मालमत्ता म्हणावं तर पत्र वकिलाकडून आल्यासारखं वाटतं. ताळेबंदात 'मत्ता आणि दायित्वे' असतात, तिथे 'मत्ता' शोभतो, शाखेत नाही. 'ऐवज' मला फार आवडतो, पण तो हल्ली फक्त चोरीला जातो: 'दोन लाखांचा ऐवज लंपास'. मी सरळ 'लॅपटॉपांची नोंद' लिहीन.

गिरगावातून:
आयातीला माझ्याकडे एक शब्द आहे, जुना आहे: खतावणी. आमच्या आजोबांच्या पेढीवर किर्दीत व्यवहार जसा घडेल तसा, तारखेने उतरायचा. मग एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची, ती खतावणी. तुमची एक्सेलची फाइल म्हणजे किर्द. डेटाबेस विचारतो ना, हा रकाना कुठल्या खान्यात टाकू, हा लॅपटॉप कुणाच्या नावावर, ती खतावणीच झाली. 'आयात'मध्ये नुसतं येणं आहे, जागेवर पोचणं नाही. तुमच्या ७३ चे ९ झाले ते खतावणीत झाले, येताना सगळे धड आले होते.

लॅमिंग्टन रोडवरून:
दादा, शब्द भारी. पण शाखेतून फोन येईल, खत कुठल्या झाडाला घालायचंय?

दादरहून:
खतावणी हा शब्द मी साहेबांपुरता आणि माझ्यापुरता उचलला. काल त्यांच्यासमोर 'खतावणी बाकी आहे' म्हटलं, त्यांना लगेच कळलं, मूळचे हिशेबाचे आहेत. शाखांसाठी मात्र पुढचं पत्र असं: 'लॅपटॉपांची यादी भरून पाठवा, आम्ही ती डेटाबेसमध्ये चढवू.' सातबाऱ्यावर नाव चढतं, तशी यादीही चढेल. 'आयात', 'मालमत्ता' दोन्ही गेले.

रकान्याचं नाव: 'लॅपटॉपच्या तळाशी छापलेला सिरीयल नंबर'. काका, यंत्र क्रमांक खरंच नेमका आहे, पण तो रोज कानावर पडत नाही. अंधेरीकर, तुमचं बरोबर आहे, फक्त शाखांत पॉवरशेल बंद ठेवलंय, आम्हीच.

एक्सेलनेही एक खाल्ला, जाता जाता सांगते. एका लॅपटॉपचा नंबर ४५१२ई७८ असा होता, मधला ई इंग्रजीतला. एक्सेलला वाटलं ही दहाच्या घातातली संख्या, त्याने भलताच आकडा करून ठेवला. आता तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून पाठवतेय.

दादरहून, दुसऱ्या दिवशी:
घाटकोपरहून फोन आला. 'मॅडम, तळाशी चार नंबर छापलेत, त्यातला कुठला?'

लॅमिंग्टन रोडवरून:
ज्याच्या आधी 'एस/एन' आहे तो. चार्जरवरचा नको म्हणून सांगा, त्यालाही असतो.