पूरमदतीच्या गटाची नोंदणी करावी का? बोट नेमकी कुणाची?

गंगावेशकर

आमचा गट २०१९च्या महापुरात उभा राहिला. कोल्हापूरजवळच्या आंबेवाडी-चिखलीत पाणी शिरलं तेव्हा कुणी ट्रॅक्टर आणला, कुणी गोठ्यातली जनावरं हलवली, कुणी शाळेच्या पडवीत पिठलं-भात शिजवला. २०२१च्या जुलैत परत तीच पाळी. त्यानंतर लोकांनी दिलेल्या पैशांतून रबरी बोट, लाईफ जॅकेट, दोर आणि जनरेटर घेतला.

आज बोटीचं बिल एकाच्या नावावर आहे, पैसे दुसऱ्याच्या बचत खात्यात आहेत आणि जनरेटर तिसऱ्याच्या गोडाऊनमध्ये. तिघंही लाखमोलाची माणसं, त्यांच्यावर तिळभर संशय नाही. पण त्यांतल्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर खात्यातल्या रकमेवर आणि बोटीवर कागदोपत्री हक्क त्याच्या वारसांचा. त्याच्या घरच्या माउलीकडे जाऊन "हे आमचं आहे" असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

म्हणून माझं मत ठाम आहे. पुढच्या पावसाळ्याआधी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करायची. सात सभासद लागतात, आपण त्याहून कितीतरी जास्त आहोत. गटात यावरून दोन तट पडलेत. जाणत्यांनी बोलावं.

पेठेतला गडी

दादा, तुमची तळमळ पटते, पण माझा विरोध हाय आणि तो राहणार. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्या पेठेतलं बारकं पोरगंबी सांगतं. पाणी चढायला लागलं की पोरं कुणाच्या ठरावाची वाट बघत न्हाईत, दोर घेऊन पळतात. ही ताकद सूचना, कोरम, इतिवृत्त यांत कशाला अडकवायची?

दुसरं म्हणजे खुर्ची. आज कुणी अध्यक्ष न्हाई म्हणून सगळे सारखे. उद्या लेटरहेड आलं की नावं कुठल्या क्रमानं छापायची यावरनं भांडणं लागतील. आमच्या घरातली माणसं ज्या संस्थेत होती (नाव लिहीत न्हाई) तिथं निवडणुकीनंतर दोन कार्यकारिणी झाल्या. दोघांनी आपापले चेंज रिपोर्ट (कारभारी बदलले हे धर्मादाय आयुक्तांना कळवायचा अर्ज) दाखल केले. बँकेनं खातं गोठवलं. पोरांच्या शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात पडून, आणि पोरं फीसाठी दारोदार फिरली. ते बघितलंय, म्हणून बोलतोय.

जमाखर्च

संस्थांचे हिशेब लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेठेतल्या दादांनी सांगितलेलं दुखणं खरं आहे, पण निदान चुकलंय.

आपल्या राज्यात धर्मादाय हेतूच्या संस्थेला दुहेरी नोंदणी करावी लागते: एक १८६०च्या कायद्याखाली, दुसरी १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्याच यंत्रणेत होतात. विधानपत्र, नियमावली, सात जणांच्या सह्या, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागेसाठी घरमालकाचा ना हरकत दाखला. कागद भरपूर, पण अवघड काही नाही.

खरी गोम नियमावलीत असते, आणि ती कुणी वाचत नाही. बहुतेक जण झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार नमुना घेतात, नाव-पत्ता बदलतात आणि सह्या ठोकतात. त्यात सभासदत्वाच्या कलमात लिहिलेलं असतं की नवा सभासद घ्यायचा की नाही हे कार्यकारी मंडळ ठरवेल, नाकारलं तर कारण देणार नाही. झालं! सात जणांत तीन सख्खे भाऊ, एक मेहुणा, आणि दार बंद. वीस वर्षांनी बघा, शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर) तीच सात नावं, त्यांतली काही माणसं वारलेली. संस्था लोकांच्या वर्गणीवर चालते आणि मत मात्र एका भावकीला.

दोन कार्यकारिणी होतात त्याही यामुळेच. सभासद नोंदवही अद्ययावत नसते, वर्गणीच्या पावत्या नसतात, सभेची सूचना कुणाला मिळाली याची पोच नसते. मग मतदानाचा हक्क कुणाला होता हेच सिद्ध करता येत नाही. १९५०च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो राहिला की विलंब माफीचा अर्ज, त्यावर हरकत, मग तारखा. नोंदवही चोख असेल तर हरकत घेणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

कागलचा

एवढी यातायात कशाला? कोल्हापूर जिल्हा सहकाराचा. दूध संस्था, सोसायट्या, पतसंस्था यांत आपली हयात गेली. सहकारी संस्था काढा, एक सभासद एक मत, विषय संपला.

जमाखर्च

एक सभासद एक मत हे तत्त्व उचलण्यासारखं आहेच. पण सहकारी संस्था सभासदांच्या आर्थिक गरजेसाठी असते. तिथं भागभांडवल असतं, नफ्यातून लाभांश वाटता येतो. पूरमदतीत कुणाला काय वाटणार? लोकांनी दिलेला पैसा सभासदांत वाटता येणार नाही, असंच बंधन इथं हवं. कंपनी कायद्यातली कलम ८ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी हा आणखी एक रस्ता आहे, पण आपल्या आकाराच्या गटाला तो परवडणारा नाही.

पेठेतला गडी

मग मधला मार्ग सांगतो. नोंदणी नसलेल्या गटालाबी ठराव आणि पॅन कार्डावर बँक खातं उघडता येतं. वर्गणी गोळा करायला गणेश मंडळं त्याच १९५०च्या कायद्याच्या कलम ४१सीखाली तात्पुरती परवानगी घेतात, तशी आपणबी घेऊ. एकाच्या खात्यात पैसा राहण्याचा प्रश्न तिथंच मिटतो. मग कायमचं लोढणं गळ्यात कशाला?

कोर्टकचेरी

खात्याचा प्रश्न त्यानं सुटतो, हे मान्य. बाकीचे नाही. नोंदणीकृत संस्थेची मालमत्ता कायद्यानं तिच्या कार्यकारी मंडळाकडे असते, माणसं बदलली तरी मालकी हलत नाही. संस्थेच्या वतीनं अध्यक्षाच्या किंवा सचिवाच्या नावानं दावा लावता येतो. आणि १८६०च्या कायद्याचं कलम ८ सांगतं की पदाधिकाऱ्याच्या नावावर संस्थेविरुद्ध हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला तर वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होते, त्या माणसाच्या घरादारातून नाही.

मात्र कुणी असं समजू नये की नोंदणी केली म्हणजे अभय मिळालं. जॅकेट न घालता माणसं बोटीत कोंबली आणि जीव गेला, तर बोट चालवणाऱ्याला निष्काळजीपणाचं उत्तर स्वतः द्यावं लागेल.

वाचनालयवाली ताई

कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला असा पहिला. त्याच मातीत आपण "नियमांनी काम अडतं" म्हणतो, याचं मला वाईट वाटतं. आमच्या छोट्या वाचनालयात दरवर्षी वार्षिक सभा होते, हिशेब मोठ्यानं वाचला जातो. चहाच्या खर्चावर प्रश्न विचारणारे आजोबा आहेत आणि त्यांना उत्तर मिळतं. निवडणूक झाली की त्याच आठवड्यात चेंज रिपोर्टचे कागद वकिलांकडे जातात.

गंगावेशकर दादा, माझा प्रश्न वेगळा आहे. शाळेच्या पडवीत पिठलं-भात शिजवणाऱ्या बायका तुमच्या सभासद आहेत का? बोटीवर जाणाऱ्यांची यादी तुमच्याकडे नक्की असणार. चुलीपाशी रात्रभर बसलेल्यांची आहे का? संस्थापक सात जणांत त्यांतली एक तरी आहे का?

गंगावेशकर

ताई, तशी यादी नाही. स्वयंपाकाचे निरोप एका काकूंच्या फोनवरून जातात, सगळी नावं त्यांनाच ठाऊक. आज संध्याकाळी त्यांच्याकडे वही घेऊन जातो.

सभासदत्वाचं कलम असं सुचवतो: परिसरातली १८ वर्षांवरील कुणीही व्यक्ती वार्षिक वर्गणी भरून सभासद होईल. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागेल आणि त्यावर सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येईल. एका घरातली दोन माणसं एकाच वेळी कार्यकारी मंडळात नसतील. सलग दोन मुदतींनंतर पद सोडावं लागेल.

जमाखर्च

चांगलं आहे. वर्गणी शंभर रुपयांच्या वर नेऊ नका, आणि थकबाकीदाराला मतदानाआधी लेखी स्मरणपत्र गेलंच पाहिजे असं घाला. निवडणुकीच्या तोंडावर "तुमची वर्गणी थकलीय" म्हणत नावं कापली जातात, तो डाव इथंच बंद होईल.

देणगीदारांना देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल तर आयकर खात्याकडे वेगळा अर्ज लागतो, नोंदणीबरोबर ती आपोआप मिळत नाही. दरवर्षीचं लेखापरीक्षण मात्र पहिल्या दिवसापासून मनावर घ्या.

पेठेतला गडी

दार उघडं ठेवायचं कलम चांगलं हाय, त्याला माझा विरोध न्हाई. पण पुराच्या रात्री सभेची मंजुरी कोण आणणार? डिझेलला पैसे लागतात तेव्हाच लागतात. आणि उद्या संस्था बंद पडली तर बोट कुठं जाणार?

कोर्टकचेरी

डिझेलसाठी नियमावलीतच तरतूद करा: आपत्तीच्या काळात ठराविक रकमेपर्यंत दोन पदाधिकारी खर्च करतील आणि पुढच्या सभेत बिलं ठेवतील. संस्था बंद करायची तर तीन पंचमांश सभासदांची संमती लागते. कर्ज फेडून उरलेलं सभासदांना घेता येत नाही, तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावं लागतं.

पेठेतला गडी

दोन सह्यांची अट बरी, पण त्यातला एक जण बोटीवरचा असावा, हे लिहून घ्या. सभासद म्हणून वर्गणी भरीन, मात्र पहिल्या सातांत माझं नाव नको. नोंदणीनं कामाचा वेग मरतो या मतावर मी अजून ठाम हाय, दोन पावसाळे बघून परत बोलू.

जमाखर्च

गंगावेशकर, नियमावलीच्या गडबडीत एक काम मागं राहू देऊ नका. नोंदणी क्रमांक आला म्हणजे बोट आपोआप संस्थेची होत नाही. ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याकडून देणगी म्हणून लेखी घ्या, मूळ बिल जोडा, जनरेटरचंही तसंच करा. मग जडवस्तू नोंदवहीत दोन्हीची नोंद करून घ्या.