मदत हवी आहे: फँटसीतल्या पात्रांची नावं छापील यादीतून की जनरेटरमधून?

मराठी फँटसीसाठी एकाच टोळीतली ४० नावं हवी आहेत. शंभर नावांच्या छापील तक्त्यावर दहा बाजूंचे दोन फासे टाकले (एक दशकाचा, एक एककाचा) की नाव झटकन मिळतं, पण ते रोमन लिपीतलं. Tarod म्हणजे तारोद की टारोड, इथेच गाडी अडते.

नावं तयार करणाऱ्या ऑनलाइन जनरेटरना नमुना म्हणून भिल्लम, सिंघण, जैतुगी अशी यादवकालीन नावं पुरवली, तर त्यातले बरेचसे काना, मात्रा, हलन्त सुटे धरतात आणि मात्रेवर मात्रा चढवतात. 'ल्ल', 'जै' असं अख्खं अक्षर एकक धरणारा जनरेटर कुणाला माहीत आहे का?

नावाला ने, ला, चा लावून मोठ्याने वाचणं मात्र हवंच. 'झ्रार्क्ष्टने' जिभेवर बसतच नाही. याखेरीज कोणती चाचणी लावता?