'युनिटरी बिझनेस'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
अमेरिकेतली राज्यं अनेक राज्यांत पसरलेल्या कंपन्यांवर आयकर कसा लावतात, यावरचा मजकूर मराठीत आणते आहे. त्यात 'युनिटरी बिझनेस' (अनेक राज्यांत वा कंपन्यांत पसरला तरी करासाठी एकच धरला जाणारा धंदा) पानोपानी येतो. संपादकांचा आग्रह 'एकात्मिक उद्योगसमूह' असा, एका मित्राने 'एकल व्यवसाय' सुचवलं. दोन्ही मनाला पटेनात. शिवाय 'अपोर्शनमेंट' आणि 'अलोकेशन' या दोहोंसाठी वाटप, वाटणी, विभाजन असंच काहीबाही हाती लागतं, आणि मजकुरात हे दोघे एकाच वाक्यात बसलेले असतात.

प्रतिसाद
'एकल' नकोच. एकल पालक, एकल मालकी म्हटलं की एकटा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे मामला उलटा आहे: कंपन्या डझनभर असतील, पण धंदा एक.

'उद्योगसमूह'ही अडचणीचा, कारण त्यातून फक्त मालकी कळते. वूलवर्थ या दुकानांच्या साखळीच्या परदेशात चार उपकंपन्या होत्या. तीन पूर्ण मालकीच्या, चौथीत निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा. त्यांच्याकडून आलेल्या लाभांशावर न्यू मेक्सिको राज्याला कर हवा होता. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण त्या कंपन्यांची खरेदी, जाहिरात, दुकानांच्या जागा ठरवणं, सगळं ज्याचं त्याचं होतं. समूह एकच, पण धंदा एक नाही. हा फरक तुमच्या शब्दात दिसायला हवा.

विचारणा
मालकी पुरत नसेल तर धंदा 'एक' ठरतो कशावरून?

प्रतिसाद
बटलर ब्रदर्सचा खटला वाचा, १९४२चा. शब्दाचा अर्थ लागायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

शिकागोचे हे घाऊक व्यापारी. सात राज्यांत सात वितरण केंद्रं, त्यांतलं एक सॅन फ्रान्सिस्कोत. प्रत्येक केंद्राची वही वेगळी, हिशेब चोख. १९३५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वहीत ८२,८५१ डॉलर तोटा निघाला, म्हणून कंपनी म्हणाली, कॅलिफोर्नियाला कर शून्य. राज्याने ती वही बाजूला ठेवली. सगळ्या कंपनीचा नफा घेतला, साडेअकरा लाख डॉलरच्या आसपास. मालमत्ता, पगार आणि विक्री यांतला कॅलिफोर्नियाचा वाटा काढून त्यांची सरासरी घेतली, ती आली आठ टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे तोट्याच्या जागी सुमारे ९३,५०० डॉलरचं करपात्र उत्पन्न! न्यायालयाने ते उचलून धरलं.

का, ते महत्त्वाचं. सातही केंद्रांसाठी खरेदी मध्यवर्ती विभाग करायचा. एकगठ्ठा खरेदीमुळे माल स्वस्तात पडायचा. सॅन फ्रान्सिस्कोत जो माल खपायचा त्यानेही तो गठ्ठा मोठा व्हायचा, म्हणजे बाकीच्या सहांच्या नफ्यात त्याचा हात होताच. वही कितीही चोख असली तरी हा हात तिच्यात दिसत नाही. याच खटल्यात कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने तीन खुणा सांगितल्या होत्या: मालकी एक, कामकाज एक (खरेदी, जाहिरात, हिशेब), आणि वरची कारभारी मंडळी व कारभाराची पद्धत एक.

माझं मत: 'अविभक्त व्यवसाय'. अविभक्त कुटुंबात कुणी किती कमावलं याचा वेगळा हिशेब धरत नाहीत, तसंच हे.

प्रतिसाद
'अविभक्त' ऐकायला छान, पण पुढच्याच वाक्यात पंचाईत. ही सगळी खटपट नफ्याची विभागणी करण्यासाठीच असते. 'अविभक्त व्यवसायाच्या नफ्याची विभागणी' हे वाचून वाचक ठेचकाळेल.

मी 'एकसंध व्यवसाय' लिहीन. 'एकात्मिक'ला हरकत एवढीच की तो शब्द तेलविहिरीपासून पेट्रोल पंपापर्यंतच्या साखळीला लागतो. एक्सॉन विस्कॉन्सिनमध्ये फक्त तेल विकत होती. शोध आणि शुद्धीकरणाचा नफा आमच्या दुसऱ्या विभागांचा, असं तिचं म्हणणं १९८०मध्ये टिकलं नाही. तो धंदा एकात्मिक होता आणि एकसंधही. पण १९८३च्या कंटेनर कॉर्पोरेशनच्या खटल्यात कंपनी आणि परदेशी उपकंपन्या यांच्यात मालाची देवघेव नगण्य असूनही धंदा एकसंध ठरला. न्यायालयाने पाहिलं ते मूल्य कुठून कुठे जातं ते: कर्जाला हमी, तांत्रिक मदत, वरून देखरेख. साखळी नाही, तरी सांधा आहे. 'एकसंध'मध्ये तो सांधा ऐकू येतो.

विचारणा
'एकसंध' पक्कं. मग 'कम्बाइन्ड' आणि 'कन्सॉलिडेटेड' विवरणपत्रं, म्हणजे अनेक कंपन्यांचा हिशेब एकत्र मांडणारी? दोघांनाही 'एकत्रित' म्हटलं तर गोंधळ.

प्रतिसाद
गोंधळ होणारच. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यातलं कन्सॉलिडेटेड विवरणपत्र मालकीवर चालतं, ८० टक्के हिस्सा लागतो. धंदे एकमेकांशी निगडित आहेत की नाहीत हे कुणी विचारत नाही. राज्यांच्या कम्बाइन्ड पद्धतीत तोच पहिला प्रश्न. कन्सॉलिडेटेडला 'एकत्रित' आणि कम्बाइन्डला 'संयुक्त' म्हणा, आणि पहिल्या वापरापाशी खुलासा करा.

वाटपाचं सोपं आहे. अपोर्शनमेंट म्हणजे सूत्राने विभागणी. अलोकेशन म्हणजे एखादं उत्पन्न अख्खं एका राज्याच्या नावे टाकणं. धंद्याशी संबंध नसलेल्या जमिनीचं भाडं, ते जमीन असेल त्या राज्याचं. राज्यांसाठीच्या १९५७च्या नमुना कायद्यात दोन्ही शेजारी आहेत. म्हणून एक 'विभागणी', दुसरं 'नेमून देणं'. 'वाटप' दोन्हीकडून हद्दपार करा. ('संविभाजन' अचूक आहे, पण तुमचा वाचक वकील नसेल तर सोडा.)

जाता जाता: सूत्र म्हटलं की तिन्ही घटक (मालमत्ता, पगार, विक्री) आले, असं धरून चालू नका. आयोवा राज्याचं सूत्र फक्त विक्रीचं होतं, १९७८मध्ये न्यायालयाने ते चालवून घेतलं, आणि आज बऱ्याच राज्यांचा कल तिकडेच आहे.

विचारणा
'वॉटर्स एज' उरलं. 'जलसीमा' लिहू?

प्रतिसाद
नको, जलसीमा म्हटलं की नौदल आठवतं. इथे एवढंच अभिप्रेत आहे की संयुक्त विवरणात साधारणपणे परदेशातल्या कंपन्या धरायच्या नाहीत. कॅलिफोर्नियाने जगभरच्या नफ्याला सूत्र लावलं तेव्हा परदेशी सरकारांनी ओरड केली, आणि १९८६च्या कायद्याने कंपन्यांना हा पर्याय मिळाला. तरी बार्कलेज या ब्रिटिश बँकेचा जुना वाद १९९४पर्यंत चालला आणि राज्यच जिंकलं. 'देशापुरतं संयुक्त विवरण' लिहा. किनारा गेला तरी चालेल.