जेडमधलं (जावात एजंट, म्हणजे आपापलं चालणारे आणि एकमेकांना मेसेज पाठवणारे प्रोग्रॅम, लिहायची चौकट) कॉन्ट्रॅक्ट नेट तीन प्रकल्पांत तसंच वापरता येईल असं कसं लिहायचं?

प्रश्न:
गोदाम, ट्रकवाटप आणि मशीनचं वेळापत्रक, तिन्हीकडे फिपाचं (एजंटांच्या संवादाची मानकं ठरवणारी संस्था) कॉन्ट्रॅक्ट नेट लागतं. मॅनेजर काम जाहीर करतो, बाकीचे बोली लावतात, तो एकाला निवडतो. 'मॅनेजर-एजंट' असा बेस क्लास केलाय, पण ट्रकच्या एजंटला मॅनेजरही व्हायचंय आणि बोलीही लावायचीय. जावात दोन बेस क्लास चालत नाहीत. शिवाय मधूनच बोल्या हरवतात. एरर काहीच येत नाही.

प्रतिसाद १:
पुन्हा वापरायची ती भूमिका, अख्खा एजंट नव्हे. भूमिका म्हणजे बिहेव्हिअर (एजंटला जोडायचा कामाचा तुकडा), ती एका एजंटला हव्या तितक्या जोडा. प्रोटोकॉल स्वतः लिहू नका, इनिशिएटर (मॅनेजरची बाजू) आणि रिस्पॉन्डर (बोली लावणाऱ्याची बाजू) जेडमध्ये तयार आहेत. त्यांना बाहेरून तीनच गोष्टी द्या: बोली काढणारा इंटरफेस, बोली निवडणारा इंटरफेस आणि डीएफमध्ये (कोणता एजंट कोणती सेवा देतो त्याची यादी) शोधायचा सर्व्हिस टाइप. एजंटचं नाव कोडमध्ये नको.

बोल्या हरवण्याचं पहिलं संशयित ठिकाण: टेम्प्लेट (कोणते मेसेज हवेत त्याची चाळणी) न देता केलेलं रिसीव्ह (रांगेतून मेसेज उचलणं). एजंटची मेसेज-रांग एकच असते, त्यामुळे ते बिहेव्हिअर दुसऱ्याची बोली खाऊन टाकतं. दुसरं, उत्तर क्रिएट-रिप्लायने न बनवता नवा मेसेज बनवला, तर कॉन्व्हर्सेशन-आयडी (त्या संवादाची खूण) जात नाही आणि इनिशिएटर बोली ओळखत नाही. आणि सीएफपीवर (काम जाहीर करणारा मेसेज) रिप्लाय-बाय (उत्तराची मुदत) नसेल तर एक एजंट गप्प बसला तरी मॅनेजर अडकून पडतो.

प्रतिसाद २:
साधा रिस्पॉन्डर एका वेळी एकच संवाद चालवतो, दुसरी सीएफपी रांगेत पडून तिची मुदत टळते. एसएस-रिस्पॉन्डर-डिस्पॅचर लावा, म्हणजे प्रत्येक सीएफपीला वेगळा रिस्पॉन्डर मिळतो. पण मग एकच ट्रक दोन कामं जिंकू शकतो! म्हणून बोली लावतानाच क्षमता राखून ठेवा, नकार आला किंवा मुदत संपली की सोडा. हा हिशेब पुन्हा वापरायच्या घटकातच ठेवा, नाहीतर तिन्ही प्रकल्पांत तो वेगवेगळा चुकेल. बोलीसाठी जड सॉल्व्हर चालवत असाल तर वेगळ्या थ्रेडवर टाका. एजंटचा थ्रेड एकच, तो अडला की सगळीच बिहेव्हिअर थांबतात.

प्रश्नकर्ता:
लॉगिंगच्या बिहेव्हिअरमध्ये टेम्प्लेटविना रिसीव्ह सापडलं. आता एकच शंका: निवडलेल्या एजंटकडून फेल्युअर (काम जमलं नाही असा मेसेज) आलं तर दुसऱ्या क्रमांकाची बोली घ्यायची का?

प्रतिसाद १:
नाही, लिलाव पुन्हा काढा. दुसऱ्याला नकार गेलेला असतो, त्याने क्षमता सोडून दिलेली असते. फेऱ्यांची मर्यादा मात्र बाहेरून द्या.