जुन्या ४०७ मध्ये कॉमन रेल इंजिन बसवले आहे, सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही. तातडीने मदत हवी आहे

संत्रामळा_काटोल

माझ्याकडे १९९८ ची टाटा ४०७ आहे. तिचे जुने इंजिन धूर ओकू लागले होते, म्हणून त्याच गाडीच्या पुढच्या पिढीतले कॉमन रेल (एका सामाईक नळीत उच्च दाबाचे डिझेल साठवून संगणकाच्या आदेशाने ते नोझलमधून फवारणारे) इंजिन आणि त्याच्यासोबतचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स नागपुरातील एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) त्याच इंजिनाचे आहेत. सेल्फ जोरात फिरतो, डिझेल येते, तरीही इंजिन एकदाही पेटलेले नाही. अंबिया बहाराची संत्री झाडावर तयार आहेत आणि माल नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा आहे. मिस्त्री म्हणतात पंप गेला, इलेक्ट्रिशियन म्हणतो ईसीएम गेला, आणि दोन्ही वस्तू महाग आहेत. नेमके काय बदलावे, एवढेच कृपया सांगावे.

वाडी_डिझेल

भाऊ, एवढ्या माहितीवर कोणालाही नेमके सांगता येणार नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब किती व्होल्टपर्यंत उतरतो? स्कॅनर लावला होता का, आणि लावला असेल तर सेल्फ फिरत असताना रेलचा दाब आणि इंजिनाचा वेग किती दिसतो? चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का? 'डिझेल येते' असे आपण म्हणता, ते कुठे पाहिले? फिल्टरपाशी डिझेल येणे आणि नोझलमधून ते सिलिंडरमध्ये पडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

जुनाच_पंप_बरा

माझा सल्ला स्पष्ट आहे. कॉमन रेल काढून टाकावे आणि जुन्या पद्धतीचा यांत्रिक पंप असलेले इंजिन पुन्हा बसवावे. तो पंप कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो, त्याला ना सेन्सर लागतो ना संगणक, आणि थोडेफार पाणी मिसळलेले डिझेलही तो पचवतो. शेतमालाच्या गाडीला याहून अधिक काही लागत नाही.

वाडी_डिझेल

त्यांनी इंजिन विकत घेऊन बसवले आहे, ते काढायचे कसे असे त्यांनी विचारलेले नाही. शिवाय कॉमन रेल इंजिन त्याच आकारमानात अधिक ओढ देते आणि चढावर कमी धूर सोडते, हे मी रोज पाहतो. मात्र आपल्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. पाणी आणि गंज यांबाबत ही प्रणाली अजिबात क्षमाशील नाही. जुनी टाकी आतून गंजलेली असेल तर ती उतरवून धुतल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय नव्या नोझलांचा भरवसा धरू नये.

संत्रामळा_काटोल

टाकी जुनीच आहे, पण आतून धुतली आहे. बॅटरी १२ व्होल्टची असून नवी आहे. सेल्फ मारताना १०.४ व्होल्ट राहतात. दिवा लागतो. डिझेल पाहण्यासाठी मिस्त्रींनी नोझलच्या नळीचा नट ढिला करून सेल्फ मारला, तेव्हा तिथे डिझेल जोरात आले.

परिचारिका_धंतोली

मला इंजिनातले फारसे कळत नाही, परंतु हे वाचून गप्प बसवत नाही. नट ढिला करून हवा काढण्याची जुनी पद्धत कॉमन रेलवर कृपया कोणीही वापरू नये. चालू इंजिनात या नळ्यांमधला दाब १६०० बारच्या आसपास जाऊ शकतो, आणि तेवढ्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फारसे नाही, आणि आत मात्र बोटाचे मांस मरू लागते. अशी जखम झाल्यास हळद लावून घरी न थांबता त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आणि ती उच्च दाबाच्या डिझेलची जखम आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

वाडी_डिझेल

ताईंनी सांगितलेले अगदी खरे आहे. हवा काढायची ती फिल्टरवरच्या हातपंपाने, कमी दाबाच्या बाजूलाच. आता स्कॅनर लावून मी विचारलेले दोन आकडे कळवावेत.

ग्रामीण_चाळीस

सर्वांनी एक गोष्ट सोडून दिली आहे. आरसी बुकात इंजिन क्रमांक नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम काटेकोरपणे लावले आहे. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावे लागते, तेव्हा क्रमांकातील फरक पासिंगच्या वेळी हमखास उघड होतो, आणि त्याआधी अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करते. इंजिनाच्या खरेदीचे बिल, त्याचा क्रमांक आणि ज्या गाडीतून ते काढले तिची कागदपत्रे घेऊन एमएच-४० च्या, म्हणजे नागपूर ग्रामीण आरटीओच्या, कार्यालयात लेखी विचारणा करावी.

संत्रामळा_काटोल

कागदांचे मी पाहीनच, पण आधी इंजिन सुरू तर झाले पाहिजे. आज स्कॅनर लावला. सेल्फ फिरताना रेलचा दाब २५० बारच्या वर जातो. इंजिनाचा वेग मात्र शून्य दाखवतो. पी०३३५ असा कोड येतो, पुसला तरी परत येतो.

वाडी_डिझेल

मग पंपही बदलू नका आणि ईसीएमही बदलू नका. दाब तयार होत आहे, म्हणजे पंप काम करत आहे. इंजिन फिरत असताना ईसीएमला वेग शून्य दिसतो, याचा अर्थ क्रँक सेन्सरकडून, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा (क्रँक) कसा फिरतो हे सांगणाऱ्या सेन्सरकडून, त्याला काहीच कळत नाही. पी०३३५ हा कोडही त्याच सेन्सरचा आहे. कोणता पिस्टन कुठे आहे हे कळल्याशिवाय ईसीएम नोझल उघडण्याचा आदेश देत नाही, आणि तो देत नाही हेच योग्य आहे.

चौकातला_इलेक्ट्रिशियन

सेन्सर बदला, काम होईल. माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक गाड्या सेन्सर बदलूनच सुरू झाल्या आहेत.

वाडी_डिझेल

न मोजता बदलू नये. सेन्सर दोन तारांचा प्रेरण पद्धतीचा (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा) असेल तर मल्टिमीटरवर त्याचा रोध बॉशच्या बाबतीत सुमारे ८६० ओहम यायला हवा, आणि सेन्सरचे टोक व समोरचे चक्र यांत साधारण एक मिलिमीटर अंतर हवे. तीन तारांचा असेल तर तो हॉल पद्धतीचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असू शकतो, आणि तसा असेल तर त्याचा रोध मोजत बसू नये. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की सेन्सर बसतो कुठे, आणि त्याच्या समोर काय फिरते?

संत्रामळा_काटोल

सेन्सर दोन तारांचा असून ८७० ओहम दाखवतो. तो फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या जड चक्राच्या) हाउसिंगमध्ये, म्हणजे कवचात, बसतो. फ्लायव्हील मात्र माझ्या जुन्या इंजिनाचे आहे, कारण त्यावरची क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नुकतीच नवी घातली होती, ती वाया जाऊ नये असे मिस्त्रींचे म्हणणे होते. बोल्ट बरोबर बसले, सेल्फचे दातही जुळले. त्याने काही फरक पडतो का?

वाडी_डिझेल

सगळा फरक तिथेच पडतो. बॉशच्या अनेक प्रणालींत फ्लायव्हीलवर किंवा क्रँकवरच्या चक्रावर ६० खुणांची जागा असते आणि त्यांतल्या २ मुद्दाम गाळलेल्या असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की ईसीएमला क्रँकची स्थिती समजते. यांत्रिक पंपाच्या इंजिनाला याची गरजच नव्हती, म्हणून आपल्या जुन्या फ्लायव्हीलचा काठ सपाट आहे आणि सेन्सरसमोर नुसते गुळगुळीत लोखंड फिरत आहे. सेन्सर काढून त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात पाहावे आणि कोणाकडून तरी इंजिन हाताने हळू फिरवून घ्यावे. एकही खाच दिसली नाही तर निदान पक्के. जुन्या फ्लायव्हीलला अंदाजाने भोके पाडून देण्याची तयारी कोणी दाखवली तर स्पष्ट नकार द्यावा, कारण खुणा थोड्या जरी सरकल्या तरी डिझेल चुकीच्या क्षणी पडेल.

जुनाच_पंप_बरा

एका फ्लायव्हीलपायी गाडी उभी राहते, हेच माझे म्हणणे होते.

वाडी_डिझेल

इंजिन, फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्स हा एकच संच आहे, तो तोडून बसवला तर कोणतेही इंजिन उभेच राहील.

संत्रामळा_काटोल

सेन्सरच्या भोकातून पाहिले, एकही खाच नाही. ज्यांच्याकडून इंजिन घेतले त्यांच्याकडेच त्याचे मूळ फ्लायव्हील पडून होते, ते आणि त्याचाच क्लच बसवला. स्कॅनरवर २१० आरपीएम दिसले आणि इंजिन लगेच पेटले. आवाज स्वच्छ आहे. वाडीच्या दादांचे आणि ताईंचे मनापासून आभार. आता स्पीडोमीटरचा काटा हलत नाही आणि ब्रेक पूर्वीपेक्षा कडक लागतो.

वाडी_डिझेल

काटा नंतर पाहू, ब्रेक आधी. आपल्या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत लागते आणि ते तयार करणारा पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. नव्या इंजिनाच्या अल्टरनेटरला तो पंप आहे का, त्याला तेलाची नळी जोडली आहे का आणि ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा पाइप कुठे पिचलेला तर नाही, हे पाहून कळवावे. तोवर रिकामी गाडीसुद्धा गॅरेजबाहेर काढू नये. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब असेल तर प्रोपेलर शाफ्टचीही (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी मोजून घ्यावी.