आवाज येतोय, चित्र नाही: ४३ इंची टीव्ही दुरुस्त करावा की नवा घ्यावा? (कोल्हापूर)

पेठकर_४३
नमस्कार मंडळी. ४३ इंची फोर-के एलईडी टीव्ही आहे, साडेपाच वर्षं झाली, वॉरंटी संपली. गेल्या आठवड्यापासून चालू केला की दोन सेकंद चित्र दिसतं आणि पडदा काळा होतो. आवाज व्यवस्थित, रिमोटनं चॅनेलही बदलतात. बंद करून परत लावला की परत तेच. सर्व्हिस सेंटरच्या माणसानं मागचं झाकण न काढताच "पॅनेल गेलंय" म्हणून १९,००० सांगितले. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्यानं फोनवर ऐकून ३,२०० सांगितले. कुणाचं खरं धरायचं? आणि नवाच घ्यायचा झाला तर काय बघून घ्यावा? घर शिवाजी पेठेत, जुन्या बांधणीचं. टीव्ही ते सोफा साडेसात फूट, पण दोघंजण नेहमी बाजूच्या दिवाणावर असतात. केबल आहे, मॅच आणि ओटीटी दोन्ही बघतो. बजेट ३५ हजारांच्या आत.

बोर्ड_बेंच
पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, गेलेलं नाही असं लक्षणावरून वाटतंय, पण आधी खात्री करा. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही लावा, पडदा काळा झाला की मोबाईलची टॉर्च काचेपासून दोन बोटांवर तिरकी धरा. वरच्या कोपऱ्यात चॅनेलचा लोगो असतो, तिथं बघा. टॉर्चच्या उजेडात लोगो पुसट दिसला, खालची बातम्यांची पट्टी सरकताना दिसली, तर पॅनेल, टी-कॉन (पॅनेलला चित्राचा सिग्नल देणारा बोर्ड) आणि मदरबोर्ड (मुख्य बोर्ड) तिन्ही शाबूत आहेत. गेलाय तो मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट.

दोन सेकंदांचं कारण असं: पडद्यामागं अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर एलईडी बसवलेले असतात, एकामागून एक माळेसारखे जोडलेले, म्हणजे सीरिजमध्ये. त्यातला एक जरी ओपन झाला (आतून तुटला) तरी अख्खी माळ विझते. ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारं सर्किट) व्होल्टेज वाढवून बघतो, करंट वाहत नाही हे कळलं की प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद होतो. सुरुवातीला क्षणभर उजेड दिसतो तो गरम झाल्यावर सुटणाऱ्या एलईडीचा.

दुरुस्तीला देताना एकच अट घाला: पट्ट्यांचा पूर्ण सेट बदलायचा, एकटा एलईडी नाही. बाकीचे एलईडीही तेवढेच तास जळलेत. एक बदलला तर चार-सहा महिन्यांत शेजारचा जातो आणि पॅनेल परत उचलावं लागतं. धोका त्या उचलण्यातच आहे. पॅनेलच्या कडेला सिनेमाच्या फिल्मसारख्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांना सीओएफ म्हणतात. त्यातल्या एकीला ताण बसला की पडद्यावर उभी रेघ येते, आणि ती रेघ साध्या दुकानात जात नाही. म्हणून घरच्या पलंगावर टीव्ही उघडू देऊ नका. सपाट टेबल, खाली घोंगडी, रबरी सक्शन कप आणि दोन माणसं एवढं हवंच. नेताना टीव्ही उभाच न्या, गाडीत आडवा टाकू नका.

रंकाळा_सिग्नल
वरचं सगळं बरोबर. इतर लक्षणांचंही लिहून ठेवतो, वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल. तांबडा दिवासुद्धा लागत नसेल तर पॉवर सप्लाय: फ्यूज, एमओव्ही (जादा व्होल्टेज अडवणारा भाग), नाहीतर फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग). स्वस्तातली दुरुस्ती. पडदा राखाडी उजळतो पण चित्र नाही, तर टी-कॉन किंवा तिथली रिबन. तांबडा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो, तर तो एरर कोड असतो, किती वेळा ते मोजून सांगा. उभी रेघ, अर्धा पडदा पांढरा किंवा आतून काच तडकलेली असेल, तर मात्र पैसे घालू नका.

पॉवर सप्लाय स्वतः उघडायला जाऊ नका. तिथला मोठा कपॅसिटर पिन काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास धरून बसतो.

माझा हिशेब असा: दुरुस्ती नव्या टीव्हीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत असेल आणि पॅनेल चांगलं असेल तर करावी. १९,००० कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. ३,२०० मध्ये पूर्ण सेट, मजुरी आणि तीन महिन्यांची लेखी हमी असेल तर द्यायला हरकत नाही.

पेठकर_४३
टॉर्च लावून बघितलं. लोगो पुसट दिसतोय, खालची पट्टीही सरकतेय. म्हणजे बॅकलाइट. पण हे एवढ्या लवकर का गेलं? घेतल्यापासून चित्राचं सेटिंग बदललेलंच नाही.

बोर्ड_बेंच
कारण त्यातच आहे. बरेच टीव्ही पहिल्यांदा लावताना "स्टोअर" आणि "होम" विचारतात. घाईत "स्टोअर" दाबलं गेलं की बॅकलाइट कायम १०० वर. दुकानातल्या झगमगाटात तो उठून दिसावा म्हणून ते सेटिंग असतं. घरात रोज आठ तास १०० वर चालला की एलईडी उष्णतेनं मरतात, वर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या भिंगाचा गोंद सुटतो आणि भिंग खाली पडतं. पडद्यावर एखादा पांढरा डाग दिसतो तो अशाच सुटलेल्या भिंगाचा.

पट्ट्या बदलल्यावर मेनूत "बॅकलाइट" ५० ते ६० वर ठेवा. "ब्राइटनेस" नावाचं सेटिंग बहुतेक टीव्हीत वेगळं असतं, त्यानं फक्त काळ्या रंगाची पातळी बदलते, एलईडीवरचा भार कमी होत नाही. लोक ब्राइटनेस उतरवतात आणि बॅकलाइट तसाच १०० वर राहतो.

केबल_आणि_अर्थिंग
टीव्ही जुना असो की नवा, घरातली वीज आधी बघा भावा. स्टॅबिलायझर घ्यायची गरज शक्यतो नाही, आजच्या टीव्हीचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो. मारतात त्या दोन गोष्टी. पहिली, न्यूट्रल (वीज परत जाण्याची वायर) तुटणं. थ्री-फेजच्या लाइनचा न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात २३० चे ३५०-४०० होतात आणि टीव्हीचा सप्लाय फुटतो. त्याला २७० च्या आसपास तोडणारा ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर मेन बोर्डात बसवून घ्या.

दुसरी, वीज पडणं. वळवाच्या पावसात आपल्याकडं टीव्ही जातात ते बऱ्याचदा पिनेतून नाही, केबलच्या वायरीतून. गच्चीवरून, खांबावरून आलेली तांब्याची वायर जवळ पडलेल्या विजेचा झटका घेऊन सेट-टॉप बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआयनं थेट मदरबोर्डवर. म्हणून ढग गडगडायला लागले की पिन काढायची आणि बॉक्सची केबलही सोडवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. सर्ज प्रोटेक्टर घेतला तरी अर्थिंग नसेल तर तो अर्धाच कामाचा. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागं अर्थची वायर जोडलेलीच नसते. वायरमनकडून फेज (वीज आणणारी वायर) आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजून घ्या.

आणखी एक: टीव्ही भिंतीला अगदी चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि उबेला पाली मागच्या जाळीतून आत शिरतात. सप्लायवर पाल शॉर्ट झालेले बोर्ड दर पावसाळ्यात दुरुस्तीला येतात.

पॅनेल_पारखी
नव्याबद्दल. तुमच्या घरात दिवाणावरून तिरकं बघणारे आहेत, हा मुद्दा कंपनीच्या नावापेक्षा मोठा आहे. पॅनेल मुख्यतः दोन प्रकारचं येतं, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद (कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण ३००० ते ५०००:१), पण बाजूनं रंग फिके पडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, पण बाजूनं चित्र टिकतं. तुम्हाला आयपीएस. माहितीपत्रकात हे बहुधा नसतं, म्हणून दुकानात दोन टीव्ही शेजारी लावून बाजूला तीन पावलं सरका. माणसाचा चेहरा पांढरट झाला तर व्हीए.

दुकानात चालू असलेला रंगीबेरंगी डेमो बघून ठरवू नका, त्यावर कुठलाही टीव्ही छानच दिसतो. शाहू स्टेडियमवरच्या एखाद्या सामन्याचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर न्या. हिरव्या मैदानावर बॉलमागं शेपूट दिसते का, खेळाडू पळताना धूसर होतो का, तिथं कळतं. शिवाय एक साधं एसडी (एचडी नसलेलं) केबल चॅनेल लावून मागा. तुमचं अर्धं बघणं तेच असणार.

"फोर-के सपोर्टेड" या शब्दांपासून सावध. त्याचा अर्थ एवढाच की तो फोर-के सिग्नल घेतो. पडदा १९२० बाय १०८० चाच असू शकतो. बिलावर किंवा खोक्यावर पॅनेल रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० छापलेलं हवं. क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच, वर क्वांटम डॉटचा (रंग खुलवणाऱ्या सूक्ष्म कणांचा) थर. बॅकलाइट त्यालाही असतो, आणि तोही जातो. या बजेटमध्ये एचडीआरसाठी (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) जास्त पैसे मोजू नका, २५०-३०० निट (उजेडाचं माप) उजेडात त्याचा फरक फारसा पडत नाही. रॅम २ जीबी, स्टोअरेज १६ जीबी असावं. ८ जीबीचे दोन वर्षांत ॲप अपडेट घेईनासे होतात. ओटीटी बघणार असाल तर प्रमाणित गुगल टीव्ही, वेबओएस किंवा टायझेन या सिस्टिमवर चालणारा घ्या. नुसतं "स्मार्ट अँड्रॉइड" लिहिलेल्या स्वस्त सेटवर काही ओटीटी एचडीत चालतच नाहीत.

मागच्या स्टिकरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) "आर" नं सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. त्याच स्टिकरवर उत्पादनाचा महिनाही असतो. वर्षापूर्वीचा असेल तर नवा पीस मागा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय; जुन्या छापील किमतीवर "डिस्काउंट" म्हणून तोच फरक कुणी दाखवत नाही ना, ते बघा.

रंकाळा_सिग्नल
घेण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तुमचा ४१६ चा पिनकोड सांगा आणि दोन प्रश्न विचारा. माणूस घरी येतो का? बोर्ड आणि पट्ट्या कोल्हापुरात असतात की पुण्याहून मागवतात? ज्याचं उत्तर गोल येईल तो मॉडेल सोडा. वाढीव वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची, तेही लेखी घ्या, आणि बिलावर सिरीयल नंबर घालून घ्या. खोकं उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा, लगेच पांढरा, तांबडा, हिरवा, निळा असे चार रंग पूर्ण पडद्यावर लावून ठिपके तपासा. तक्रार अडली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पेठकर_४३
आधी पट्ट्या बदलून घेतो. भिंत पांढऱ्या मातीची आहे, पुढेमागे नवा घेतला तर स्टँड की टांगायचा?

केबल_आणि_अर्थिंग
मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, स्क्रू आवळला की भोकच मोठं होतं. टेबलावर पायांवरच ठेवा, पण आधी दोन पायांमधलं अंतर मोजा. ४३ इंचीची रुंदी ९६ सेंटीमीटरच्या आसपास आणि पाय बऱ्याचदा अगदी टोकाला असतात. टांगायचाच असेल तर लाकडी तुळईला किंवा खांबाला फळी बोल्टनं पक्की करून तिच्यावर ब्रॅकेट लावा. आणि जुना कधी एक्स्चेंजला दिलात तर त्याआधी फॅक्टरी रिसेट करा. पडदा काळा असल्यामुळं मेनू दिसत नसेल तर मोबाईलवरून तुमच्या गुगल आणि ओटीटी खात्यांत जाऊन त्या टीव्हीला साइन-आउट करा.