गोळी सुरू केल्यापासून धडधड वाढलीय, बंद करू का? (मदत हवी आहे)

रातकिडा:
डॉक्टरांनी गोळी दिली, पण बरं वाटायचं सोडून सगळं वाढलंय. धडधड, हाताला कंप, पहाटे टक्क जाग. काल मीटिंग अर्धवट सोडून बाहेर यावं लागलं. सोमवारी प्रेझेंटेशन आहे. गोळी बंद करू की नको, एवढंच सांगा. 'पॉझिटिव्ह राहा' नकोय.

खिडकीपाशी:
कोणती गोळी? कधीपासून? कशासाठी?

उगाच_एक:
या सगळ्या गोळ्या मेंदू बधिर करतात, एकदा लागल्या की सुटत नाहीत. अनुलोम-विलोम करा. मी त्यानंच बाहेर आलो.

खिडकीपाशी:
अहो, त्यांनी अजून आजारही सांगितला नाही आणि तुमचा उपाय तयार!

रातकिडा:
एन्झायटीसाठीच, अजून कशासाठी? एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम, सकाळी. आठवडाही झाला नाही. दुसरी एक आहे, ती घेत नाही.

बिनसाखरेचा:
दुसरी कोणती?? आणि का घेत नाही?

पहिलीबद्दल सांगतो, कारण मी यातून गेलोय. या गटातली औषधं पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता वाढवू शकतात. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणून बरेच डॉक्टर ५ पासून सुरुवात करतात. तुम्हाला थेट १० का, हे फोन करून विचारा. मनानं बंद करू नका. थायरॉइड तपासलंय का? ते वाढलं तरी धडधड आणि कंप असाच असतो.

आणि स्पष्टच विचारतो, जीव नकोसा वाटतो का? तसं असेल तर सोमवार बिमवार विसरा, आजच डॉक्टर गाठा.

रातकिडा:
तसं काही नाही. थायरॉइड नॉर्मल. दुसरी क्लोनाझेपाम, घबराट लगेच शांत करणारी, रात्री 'लागली तर'. सवय लागते असं वाचलं म्हणून ठेवून दिली.

उगाच_एक:
बघा! मी काय म्हणत होतो?

बिनसाखरेचा:
दोन्ही औषधं एकाच माळेत ओवू नका. सवय लागायचा धोका क्लोनाझेपामचा, तोही रोज आणि बरेच आठवडे घेतली तर. सुरुवातीचे दिवस निभावायला थोडीशी देतात. एस्सिटॅलोप्रामची तलफ येत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. त्यामुळे ती टप्प्याटप्प्यानं कमी करतात.

सरळरेषा:
प्रेझेंटेशनआधी प्रोप्रॅनोलॉल घ्या, धडधड कमी करणारी गोळी. मी घेतो, हात स्थिर राहतात.

खिडकीपाशी:
आणि त्यांना दमा असला तर? दम्यात ती चालत नाही. आपली गोळी दुसऱ्याला वाटू नये हो.

चष्मेवाली:
स्लाइड दहाच ठेवा. अक्षर मोठं.

रातकिडा:
दमा नाही. आई गेल्यापासून हे सुरू झालंय, त्याआधी काहीच नव्हतं.

खिडकीपाशी:
हे आत्ता सांगताय? डॉक्टरांना तरी सांगितलंत का?

सरळरेषा:
मग हे दुःख आहे, आजार नाही. पाच अवस्था असतात, तुम्ही दुसरीत आहात. आपोआप पुढे सरकाल.

बिनसाखरेचा:
ही काय इयत्ता आहे का? त्या अवस्था मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्याही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख असं क्रमानं चालत नाही. आणि दुःख आहे म्हणून पॅनिक येतच नाही, असंही नाही. दोन्ही एकदम असू शकतं.

रातकिडा:
डॉक्टरांशी बोलणं झालं. आईचं त्यांना माहीत नव्हतं. तूर्त ५ करा म्हणाले, रात्रीची मोजके दिवस घ्या, आणि समुपदेशकाचं नाव दिलंय. पण सोमवारी समोर उभं असताना सुरू झालं तर काय करू?

बिनसाखरेचा:
पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो, मग ओसरतो. श्वास जोरजोरात आत ओढू नका, सोडताना लांबवा. पाणी प्या, एक ओळ सावकाश वाचा. जमेल तितकं तिथेच थांबा, कारण दरवेळी बाहेर पळालं की पुढच्या वेळची भीती आणखी मोठी होते.

उगाच_एक:
म्हणजे प्राणायामच की.

काठावरचा:
याच धाग्यात विचारतो. बायकोची हीच गोळी दोन वर्षं चालू आहे, किती दिवसांत बंद करावी?

खिडकीपाशी:
नवीन धागा काढा. डोस लिहा.